देवरावांना लेखी हवे

३ जानेवारी १९६५, अमरावती
टपाली पदवीसाठी लिहून पाठवलेला गुन्हेगारीशास्त्राचा पाठ तपासून परत आला. परीक्षकांचा शेरा: कैदी स्त्रीची हकीकत केवळ तिच्या तोंडची, बाहेरून पडताळणी नाही. शेरा रास्त, म्हणूनच झोंबला. शाळेत मुलींच्या निबंधांवर मी हेच लिहिते.

१० जानेवारी, अकोला
तुरुंगात कौसल्येची भेट; पाठातली हकीकत हिचीच. नवऱ्याच्या खुनाबद्दल जन्मठेप. आज मात्र खुशीत. "सुमीचं लगन जमलं बाई, बाळापुरात. मामानंच पोरगा पाह्यला." लेकीला मामाने वाढवले. त्याचा पत्ता उतरवून घेतला.

१७ जानेवारी
बाळापूर. मामा व्याह्यांकडे बैठकीला गेलेला. मीही तिथेच गेले. ओट्यावर सर्वांदेखत विचारले, बहीण तुरुंगात गेली तेव्हा सुमन केवढी होती? मामाने मान खाली घातली. मुलाचे वडील देवराव यांना सुमनची माय पटकीने वारल्याचे सांगितले होते. कोणी चहाला हात लावला नाही.
पडताळणी पूर्ण.

१८ जानेवारी
ह्यांना सर्व सांगितले. म्हणाले, "आमच्या कोर्टात असा प्रश्न आला असता तर न्यायाधीशांनी अडवलं असतं. ओट्यावर तुला कोण अडवणार?"

२२ जानेवारी
देवराव शाळेत आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले.
"पोरगी चांगली हाय, पोराले पसंत हाय. पन मायचं रगत उद्या तिच्यात उतरलं तं? तुमी हेच शिकून राह्यल्या ना बाई? मंग लिहून द्या, उतरत नाई मनून. होळीपर्यंत थांबतो."
शास्त्राचे यावर एकमत नाही, असे सांगितले.
"मंग कायले शिकता?"
असभ्य प्रश्न. राग आला, पण टिकला नाही.

३१ जानेवारी
ग्रंथ पुन्हा काढले. एक म्हणतो रक्त, दुसरा म्हणतो परिस्थिती; तक्ते दोघांपाशी. 'सिद्ध झालेले नाही' हे निर्दोष वाक्य. देवराव त्यात 'उतरेल' असेच वाचतील. न तपासलेल्या विधानाखाली मी आजवर सही केलेली नाही.

७ फेब्रुवारी, अकोला
कौसल्येने बसण्याआधीच विचारले, "अक्षता पडल्या का वो?"
"नाही. माझ्यामुळे अडलं." सगळे सांगितले. ती रडेल असे वाटले होते. तिने माझ्या हातांकडे पाहिले.
"मंग द्या ना लिहून. तुमाले तं येते लिवता."
परतीच्या गाडीत कागद काढला. मी, खाली सही करणार, असे लिहून देते की मायचे रक्त लेकीत उतरत नाही.