भिंतीवर न टांगण्याची काठी

मी, खाली सही करणारी, वय बावन्न, अविवाहित, व्यवसाय वर्तमानपत्रातील बातमीदारी, शिक्षण संस्कृत (त्याचा बातमीदारीत उपयोग एवढाच, की भाषणे ऐकताना मनातल्या मनात शिव्या शुद्ध देता येतात), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. धाकट्या भावाला त्याबद्दल शंका आहे. परंतु दिवाणखान्याच्या भिंतीवर सायकल टांगणाऱ्या माणसाने इतरांच्या चित्ताची चौकशी करू नये. सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काम किरकोळ आहे. हृदय त्यांचे नाही, म्हणून किरकोळ.

माझ्या पश्चात व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. ती पार पाडण्याचे काम वकीलबाईंकडे राहील.

कलम १. नदीकाठची माझी खोली भावजयीला, तिच्या एकटीच्या नावे. भावाने तिला 'नवे रूप' देऊ नये; खोलीलाही नाही आणि भावजयीलाही नाही. तो हॉटेलांच्या भिंती सजवतो. म्हणजे कोणी तरी एके काळी वापरलेल्या वस्तू पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत अशा बेताने ठोकून ठेवतो. आमचे वडील घड्याळजी होते. त्यांच्या सायकलच्या चाकात त्याने दिवा लावला आहे. पाहुणे 'वा' म्हणतात.

कलम २. बँकेतील शिल्लक इस्पितळाचे देणे भागवून उरलीच, तर तीही भावजयीला. उरली नाही, तर डॉक्टरांना 'किरकोळ' या शब्दाचा अर्थ विचारावा.

कलम ३. संस्कृत व्याकरणाचा जाड ग्रंथ माझी भाची मिरी, वय सात, हिला. ग्रंथाला तिच्या घामाचा वास येतो, त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे.

वडिलांना मासेमारीचा एक विचित्र नाद होता, तो माझ्याकडे आला आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून मिरीकडे. पिसे आणि दोरा गळावर गुंडाळून खोटी माशी बांधायची. लांब दोरी काठीने हवेत मागे-पुढे झुलवायची. आणि ती माशी पाण्यावर इतकी अलगद ठेवायची, की खरीच येऊन बसली असे माशाला वाटावे. फसलेला मासा क्षणभर पाहायचा आणि सोडून द्यायचा. 'जे गळाला लागेल ते परत पाण्यात', हा वडिलांचा नियम.

"सोडायचाच होता तर पकडला कशाला?" मिरीने पहिल्याच दिवशी विचारले.

सत्तावीस वर्षे मी पुढाऱ्यांच्या बाबतीत हेच करत आले आहे, त्यामुळे मी तिच्या हातात काठी दिली.

वडिलांनी मला घड्याळावर शिकवले होते: काठी मागे नेताना काटा एकवर असतो तिथे थांबव, पुढे आणताना दहावर. हाच उपदेश मी मिरीला केला. तिच्या घरातली चालू घड्याळे सगळी आकडे दाखवणारी. काटा ही वस्तू तिने फक्त पायातून काढलेली. "दहाला तर मी झोपते," ती म्हणाली. घड्याळजीच्या नातीला घड्याळ कळू नये, ही तिच्या बापाची कामगिरी. त्याच्याकडे काट्यांची चौदा घड्याळे आहेत. सगळी भिंतीवर, सगळी बंद.

शेवटी तिला खोलीच्या दारात उभे केले. काठी चौकटीला आपटली की चूक. कोपर उडू नये म्हणून काखेत व्याकरण. ग्रंथ पडला की पुन्हा पहिल्यापासून. एका महिन्यात तो जितक्या वेळा जमिनीवर आला, तितक्या वेळा संस्कृत शिकताना माझ्या वर्गसोबत्यांनी तो उघडलाही नसेल.

तरी खरी अडचण वेगळीच. दोरी मागे गेली की ती हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावे लागते. घाई केली की दोरी चाबकासारखी कडाडते आणि माशी स्वतःच्याच केसांत अडकते. म्हणून मी मागे उभी राहून दर खेपेला म्हणते, "थांब." मिरी थांबत नाही. तिच्या कानामागून गळ सोडवायचा प्रसंग आला तेव्हा भावजयीने आरडाओरडा न करता कात्री आणून दिली. कलम १ चे खरे कारण हे.

कलम ४. कमरेपर्यंतचे माझे रबरी बूट मत्स्यछंद मंडळाच्या अध्यक्षांना. एका बुटाला भोक आहे. कोणत्या, ते त्यांनी पाण्यात उभे राहून शोधावे.

हे गृहस्थ दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगून स्वतःचे मिटायचे विसरले. मंडळाच्या काठावर मिरीला पाहताच म्हणाले, "बाई, हा खेळ गंभीर लोकांचा आहे. पोरीला बाहुल्या द्या."

"बाहुलीचेच केस आहेत," मिरीने त्यांना आपली नारिंगी माशी दाखवली. ती तिने स्वतः बांधली होती. तसा कीटक सृष्टीत नाही, ही सृष्टीवर कृपाच.

अध्यक्ष हसले. मी म्हटले, "थांब." मिरी थांबली नाही. माशी मागे गेली आणि पुढे येताना अध्यक्षांची टोपी घेऊन आली. मिरीने टोपी नीट ओढून काठावर घेतली, गळ मोकळा केला, टोपीकडे क्षणभर पाहिले आणि दोन्ही हातांनी ती अलगद पाण्यात सोडून दिली.

"अगं ए!" अध्यक्ष ओरडले.

"सोडायची असते, काका," ती समजुतीने म्हणाली. टोपी वळणापाशी दिसेनाशी झाली.

बारा वर्षांखालील मुलांना काठावर बंदी, असा ठराव मंडळाने त्याच आठवड्यात केला. विरोधात एक मत पडले, ते माझे. त्यावर भाऊ म्हणाला, "ताई, आता पुरे. बाबांची काठी दे मला. पितळी कड्यांत बसवतो, खाली छोटा दिवा. शोभेल." मिरीने तेव्हापासून माझ्याशी काठीचा विषय काढलेला नाही. फक्त येता-जाता दाराच्या चौकटीत उभी राहते, काखेत काहीच नसताना कोपर आवळून.

कलम ५. वडिलांची बांबूची काठी, रीळ व माशा बांधायचा घड्याळजीचा चिमटा मिरीला. ती सज्ञान होईपर्यंत काठी भावजयीने सांभाळावी. भावाने तिच्याजवळ खिळा, कडे किंवा दिवा घेऊन जाऊ नये.

*(कलम ५ रद्द. कारण खाली.)*

पुरवणी. वरील मजकूर वकीलबाईंनी साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचला. मिरी दारात होती. मी सहीसाठी पेन टेकवणार, इतक्यात ती म्हणाली, "थांब."

सबंध उन्हाळा जो शब्द तिच्या कानात शिरला नाही, तो तिने माझ्यावर चालवला. आणि वेळ अचूक साधली.

"पश्चात म्हणजे कधी?"

"मी नसेन तेव्हा."

"बाजारात गेलीस की?"

वकीलबाई खोकल्या. मी म्हटले, "त्याहून जरा लांब."

तिने विचार केला. "मग नको. मागून थांब कोण म्हणणार? आईला कळत नाही कधी म्हणायचं ते. आणि बाबा तर टांगूनच ठेवतील."

वकीलबाई म्हणाल्या, "त्यात तथ्य आहे हो. सज्ञान व्हायला अकरा वर्षं. तेवढ्यात खिळा ठोकून होतो."

सबब कलम ५ खोडून काठी, रीळ व चिमट्यासह, मी आजच, जिवंतपणी, मिरीच्या हातात दिली. ती आता माझ्या मालमत्तेत नाही. भावाने दावा लावायचा झाल्यास सात वर्षांच्या मुलीवर लावावा आणि आपली टोपी सांभाळावी. मंडळाच्या हद्दीपलीकडे नदी कोणाच्या बापाची नाही. धडे तिथे होतील.

मिरीला साक्षीदार म्हणून सही करायची होती. लाभ घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, हे कळल्यावर ती रुसली. वकीलबाईंनी तोड काढली: तिने पावती लिहावी. पावतीत काय मिळाले आणि काय बाकी आहे, दोन्ही लिहायचे असते, असे समजावले. पावती सोबत जोडली आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: १. समोरच्या शिवणकामवाल्या बाई (सही) २. आमच्या वर्तमानपत्राचे छायाचित्रकार (सही, डोक्यावरून टोपी काढून, खबरदारी म्हणून)

स्थळ: नदीकाठची खोली, दाराच्या चौकटीपासून सुरक्षित अंतरावर
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार

पावती
काठी मिळाली. चिमटा मिळाला. आत्तू बाकी.
मिरी