नववा अंक

प्रिय बारक्या,

टक्कल पडलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये हे मला कळतं, पण तुझं दुसरं नाव या घरात कधी रुजलंच नाही. अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. बाबा आहेत, जेवतात, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतकी शुद्ध अजून शाबूत आहे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना आजचा वार विचारला. वार काही आठवेना. मग जन्मभर गणिताचे मास्तर असलेल्या आपल्या बाबांनी ताठ बसून सांगितलं, "सात तीन नऊ तीन नऊ एक तीन तीन!" नर्सला वाटलं, मुलाचा फोन नंबर असेल. तिने लावला. पलीकडून कुणी शिंपी खेकसला, "कपडे अजून तयार नाहीत!" मी खूप हसले, आणि मग जिन्यात बसून रडले.

आठवते ना ती ७३९३९१३३? एक आणि ती स्वतः सोडून कशानेही न भागणारी. शेवटचा अंक खोडला तरी उरलेली भागली जात नाही, आणि असं खोडत खोडत थेट सातापर्यंत येता येतं. लोक मुलांना जेवताना राजाराणी सांगायचे, आपल्या ताटात ही. तू हट्टी, खोडायचं सोडून पुढे जोडायला निघालास. सम अंक आणि पाच बाद. एक किंवा सात जोडला तर तिनाने भाग जातो. उरले तीन आणि नऊ, आणि त्या दोघांपायी तू अख्खी सुट्टी भागाकारात घालवलीस. शेवटी "तीन चालतो!" म्हणत पाहुण्यांसमोर नाचत आलास, तर बाबा हसून म्हणाले, "चुकलास कुठेतरी. नववा अंक नाहीच मुळी, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." तू वही आपटलीस. पुढची सगळी भांडणं, तुझी नोकरी, तुझं लग्न, मला त्याच वहीची पुढची पानं वाटतात. लोक जमिनीवरून फुटतात. आपण शिकलेले, म्हणून संख्येवरून फुटलो.

आता बाबांचे शेवटचे अंक गळायला लागलेत. जानेवारीत सात उरले होते, मार्चमध्ये पाच. आज सकाळी "सात तीन नऊ" म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. उरलंय तेही अजून भागलं जात नाही, तेवढंच समाधान.

पण हे पत्र त्यासाठी नाही. गेल्या आठवड्यात त्यांना माळ्यावरच्या पेटीत तुझी वही सापडली. तेव्हापासून रोज टेबलाशी बसून, तिच्यातली संख्या उतरवून, भागाकार चाललेत. नववा अंक नाही, हेच ते विसरलेत. काल मला म्हणाले, "पोराने बरंच काम केलंय गं. तीन चालेल असं दिसतंय. शाळेतून आला की दोघं मिळून बघतो." माझा भागाकार तुला माहीतच आहे. तेव्हा तू ये. निदान तो पहिला सात शिल्लक आहे तोवर ये. त्यांच्या शेजारची खुर्ची ओढ आणि पेन्सिलीला टोक काढून बस. फक्त एक कर. या वेळी उत्तर पहिल्या दिवसापासून तुला ठाऊक असेल. सांगू नकोस.

बाकी शून्य कधीच न आलेली,
तुझीच ताई