कलमांचा चाकू

बाबा,

माझ्याकडे आता एकेचाळीस चाकू आहेत. सगळे खिशात मावणारे, मिटणारे. एकाच मुठीत पातं, कात्री, करवत, पेचकस, डबा उघडायची आकडी. मखमल लावलेल्या खोक्यात ओळीने मांडले आहेत. आम्ही चार-पाच हौशी माणसं रविवारी एकमेकांकडे जमतो आणि कोणाची कात्री सफाईने कापते, कोणाचं पातं उघडताना कुरकुरतं, यावर तासभर वाद घालतो. घरी पार्सल आलं की मात्र बायको भाजीच्या सुरीनेच उघडते, कारण माझ्या चाकूंना हात लावायची कोणाला परवानगी नाही. तुम्ही ते खोकं पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा विचारलं होतं, "इतके ठेवून कराचं काय गा?" मी हसण्यावारी नेलं.

तुमच्याकडे उभ्या आयुष्यात एकच चाकू. एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला पितळेची बोथट पट्टी. पात्याने जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल चिरायची, पट्टीने ती अलगद उचलायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून प्लास्टिक गुंडाळायचं. खाप्याच्या आसपासच्या रोपवाटिकांमध्ये तुम्ही दिवसभर उकिडवे बसून लोकांची कलमं बांधत होतात. त्याच चाकूने मला ऊस सोलून दिलात असं लिहायला आवडलं असतं, पण तुम्ही त्याने दुसरं काहीही कापू देत नव्हतात. मी एकदा पेन्सिल तासली तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. पात्याला दात पडला की साल फाटते आणि डोळा मरतो, हे मला नंतर आईने समजावलं. हात थरथरायला लागले त्या वर्षी तुम्ही तो चाकू माझ्यासमोर जमिनीवर ठेवलात, कारण हातात दिला तर भांडण होतं. मी उचलला आणि खोक्यात मांडला.

त्या रविवारी तुम्ही आमच्याकडे होतात आणि मंडळी जमलेली. मिहानमधल्या ऑफिसात लागल्यापासून मी या लोकांना सांगत आलो होतो की आमची खाप्याला स्वतःची संत्र्याची बाग आहे. गप्पांत प्रत्येकाचं काही ना काही वडिलोपार्जित निघत होतं, म्हणून मीही एक बाग काढली. एकाने तुमचा चाकू उचलून कुठे मिळाला म्हणून विचारलं. खरं सांगितलं असतं, तर बाप दुसऱ्यांच्या रोपांवर रोजाने जायचा हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, जुन्या बाजारात. तुम्ही समोरच चहा पीत होतात, बाबा, आणि मी तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो गृहस्थ पितळी पट्टी निरखून म्हणाला, ही पाकिटं फोडायला असणार. तेवढं मात्र तुम्हाला राहवलं नाही. तुम्ही कप खाली ठेवलात आणि स्वतःच्या बोटावर पट्टी टेकवून साल कशी उचलतात ते दाखवलंत. बोट थरथरत होतं, पण पट्टी नाही. त्याने कौतुकाने विचारलं, "काका, तुमच्या बागेतली कलमं तुम्हीच बांधता की काय?"

बागेचं तुम्हाला तेव्हा कळलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि चाकू मिटवलात.

"मी नाही बांधत," तुम्ही म्हणालात. "पाह्यलं हाये लोकायले करताना."

संध्याकाळी बसस्टँडवर मी वाट पाहत होतो की आता रागवाल. रागावला असतात तर बरं झालं असतं. पेन्सिलीसाठी दोन दिवसांचा अबोला, आणि याला काहीच नाही. "घरी जाय आता, उशीर होऊन राहिला तुले," एवढंच म्हणून तुम्ही बसमध्ये चढलात. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. मला लाज वाटते बाबा, आणि सर्वांत जास्त याची वाटते की त्या दिवशी तुमच्या उत्तराने मला हायसं वाटलं होतं.

उद्या रविवार आहे. मंडळी आमच्याकडे यायची आहेत. उद्या सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून मी हे लिहायला घेतलं, आणि आता वाटतं हे कोणाला दाखवणं माझ्याच्याने होणार नाही. कारण लिहायला बसण्याआधीच मी तुमचा चाकू खोक्यातून काढून बायकोच्या शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवून आलो आहे, म्हणजे कोणी विचारायला नको.