भरवसा: शंभर टक्के

१४ मार्च
बल्लारपूरहून सावलीपर्यंत एसटी, तिथून काळीपिवळी जीप, आली एकदाची! नोकरी झक्कास आहे. जंगलाच्या कडेला टिनाची चौकी, झाडांवर कॅमेरे. वाघ दिसला की यंत्र स्वतःच गावातला हिरवा दिवा लाल करतं, भोंगा वाजवतं, माझ्या चौकीचं दारसुद्धा लावून घेतं. मी फक्त प्रत्येक गजरानंतर ‘खरा’ नाहीतर ‘खोटा’ दाबायचं. रोज सकाळी यंत्र आपली तब्येत सांगतं. आज लिहिलं होतं, ‘स्वतःवर भरवसा: ९१ टक्के.’ हसूच आलं मला. राहते गुणाबाईंकडे. त्यांनी आल्या आल्या भाजलेली मोहाची फुलं खाऊ घातली.

२१ मार्च
मोह पडू लागला. पहाटे बाया वाकून फुलं वेचतात आणि या दीडशहाण्याला वाकलेली बाई वाघ दिसते! आज चार गजर. बाया पळाल्या, फुलं गुरांनी खाल्ली. गुणाबाई भडकल्या. म्हणाल्या, पोरी, तुह्या डब्ब्याले बाई अन् वाघ समजत नाई का? कंपनीचे विनोद साहेब फोनवर माझ्यावरच डाफरले. बघायला जाऊ नको म्हणे, ‘खोटा’ दाबत जा, ते शिकेल.

२९ मार्च
एकतीसदा ‘खोटा’ दाबलं. एकदाही उठून बघितलं नाही. यंत्र शिकलं: वाकलेलं ते माणूस. ‘स्वतःवर भरवसा: १०० टक्के.’ खाली नवीन ओळ, ‘ऑपरेटरवर भरवसा: ६०.’ तुला विचारलं कोणी?

२ एप्रिल
मोहाखाली धुळीत वाघाच्या पंजांचे ठसे. ताजे. दिवा हिरवाच! मी हाताने भोंगा वाजवला, तर यंत्राने बंद केला. साहेब म्हणतात, मशीन चुकत नाही, तू चुकतेस. अंगाचा तिळपापड झाला. ‘ऑपरेटरवर भरवसा: १२.’

३ एप्रिल, पहाट
गुणाबाईंना हात जोडले, जाऊ नका. त्यांनी दिव्याकडे बोट केलं. हिरवा हाय ना, भेतेस काऊन? गेल्या.

६ वाजून १०
पडद्यावर मोहाखाली दोघं वाकलेली. एक गुणाबाई. दुसऱ्याला पट्टे —
यंत्र म्हणतंय, ‘माणसं: दोन.’ भोंगा दाबला. बंद. मुडदा बशिवला याचा! पळतच जाते —

दार लागलं. आपोआप. वाघ दिसला की लागतं तसं. म्हणजे याला माहीत आहे! मेल्याला सगळं माहीत —
ओळ आली. ‘गजर दिल्यास खोटा ठरवला जाईल.’
मी ‘खरा’ दाबतेय. खरा, खरा, खरा — गुणाबाई मान वर करून दिव्याकडे बघताहेत — हिरवा — पुन्हा वाकल्या —