तू सांगितलेलं ऊन

बाई, आम्ही भावंडं तुला बाईच म्हणायचो. आई हा शब्द मी पुस्तकात वाचला आणि श्रीरामपुरात मास्तर झाल्यावर चारचौघांत वापरायला लागलो. तू त्यावर कधी काही बोलली नाहीस. तुला जाऊन सत्तावीसेक वर्षं झाली. आज लिहायला बसलोय ते तुझ्या नातीबद्दल, म्हणजे खरं तर माझ्याबद्दल.

ती चार वर्षांची होती तेव्हा तू तिला अंगणात जाऊ देत नव्हतीस आणि त्यावरून आपलं रोज वाजायचं. नाकावर, गालांवर तिळाएवढे डाग, उजेडात डोळे मिटलेले. अकोले तालुक्यातल्या गावाहून एसटीनं आलीस की हातपाय धुवायच्या आधी तू स्वयंपाकघराच्या खिडकीला जुनं लुगडं बांधायचीस. त्या अंधुक उजेडात तू तांदूळ निवडत बसलेली, ती तुझ्या मांडीला टेकलेली. मी शाळेतून येतो आणि चपला काढायच्या आधी ते लुगडं सोडतो. "पोरीला सूर्य पाहू दे," मी म्हणतो. कोवळी उन्हं, सोनेरी किरणं यावर माझी सगळी नोकरी चाललेली. वर्गात कविता म्हणताना माझा गळा दाटून यायचा, आणि मुलं त्याचीच वाट बघत बसायची, हे मला फार उशिरा कळलं.

"तुझ्या कवितेतलं ऊन येगळं आन् हिच्या अंगाला लागतंय ते येगळं," तू म्हणायचीस. "माज्या धाकल्या भावाला आसंच हुतं. उन्हानं खाल्लं त्याला."

"ऊन माणसाला खात नाही, बाई."

"तू न्हाई बघितलं. मी बघितलंय. भाताच्या लावनीला समदी खाचरात, आन् त्यो एकटा घरात, डोक्यावर घोंगडी घिऊन. इसावं लागायच्या आत गेला."

मी हसायचो. शिकलेला होतो ना.

मग नगरला कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो तो दिवस. तू हट्टानं बरोबर आलीस. डॉक्टर पुण्यात शिकलेले, बोलणं अगदी पुस्तकी, आणि टेबलावर कवितांचं एक पुस्तक. माझं लक्ष पोरीवरून उडून त्या पुस्तकावर गेलं. आम्ही दोघं बराच वेळ कवितेवर बोललो, पोर डोळे चोळत माझ्या मांडीवर. शेवटी त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं काही होतं का?" तू खुर्चीच्या कडेवर बसली होतीस. पदर सावरून म्हणालीस, "डागदरसायब, माज्या भावाला हुतं बघा, लई..."

"आई, तुला विचारलेलं नाही," मी म्हणालो. "जरा बाहेर बस." आणि डॉक्टरांकडे वळून, हसून, "जुन्या माणसांचं असंच असतं."

तुझं ते 'हुतं', ते 'लई', त्या खोलीत मला अंगावर सांडल्यासारखं वाटलं. तू उठलीस. आवाज न करता दार लावून घेतलंस. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस, पोरीवर ऊन येऊ नये म्हणून आडवी, आणि श्रीरामपूर येईपर्यंत एकच वाक्य बोललीस: "तुला भूक लागली आसंल."

त्याच हिवाळ्यात तू गेलीस. खिडकी मोकळी झाली. सव्वीस जानेवारीला मी शाळेच्या मैदानावर पोरीला उभं केलं. सूर्यावरची कविता, माझीच. झेंडा, भाषणं, मग ती, तासभर उन्हात. म्हणताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, कवितेनं तिचं मन भरून आलं. मी टाळ्या वाजवत होतो, बाई.

वर्षाच्या आत नाकावर गाठ आली. पुण्याला ती कापावी लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. आणि मी सांगितलं. धाकटे मामा, उजेडात न उघडणारे डोळे, भाताची लावणी, घोंगडी, सगळं तुझ्याच क्रमानं, फक्त शुद्ध भाषेत. त्यांचा पेन थांबला. तुझी सून तुझ्याच थोरल्या भावाची मुलगी हेही त्यांनी लिहून घेतलं. रक्त बाहेर पाठवलं, कित्येक महिन्यांनी उत्तर आलं, पण त्यांनी मला तेव्हाच समजावलं होतं. ऊन सगळ्यांच्याच कातडीत रोज थोडी मोडतोड करतं. पेशीच्या आत ती दुरुस्त करणारी व्यवस्था असते, आणि ती कशी घडवायची हे जनुकात लिहिलेलं असतं. त्यात माणसागणिक बारीक फरक असतात, बहुतेक निरुपद्रवी. तुझ्या माहेरात चालत आलेला एक फरक मात्र दुरुस्तीच बंद पाडणारा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची; एक धड असली की भागतं. तुझं भागलं, तुझ्या थोरल्या भावाचं भागलं, माझं आणि तुझ्या सुनेचंही. पोरीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या, तुझ्या धाकट्या भावासारख्या. यावर औषध नाही, म्हणाल्या. उन्हापासून जपायचं, एवढंच. म्हणजे तू करत होतीस तेच.

"बरं झालं तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "असे पालक क्वचित भेटतात. आणखी वर्षभर गेलं असतं तर अवघड होतं." त्या क्षणी तुझं नाव घ्यायला काय लागत होतं? एक वाक्य. मी मान खाली घातली, आणि त्यांना तो माझा विनय वाटला.

आता ती तिशी ओलांडून गेलीय. घरूनच काम करते, संध्याकाळ झाल्यावर बाहेर पडते. नाकावर व्रण आहे, डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. डॉक्टर म्हणतात, गाठ येण्याआधीच्या दोन वर्षांतलं ऊन तेवढं टळायला हवं होतं. ती दोन वर्षं कुणी घालवली हे तिला ठाऊक नाही. ती मला अण्णा म्हणते, आणि सगळ्यांना सांगते, "अण्णांनी वेळेत ओळखलं म्हणून मी आहे." मागच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणाली.

हे पत्र तुला पोचणार नाही, पण ती पलीकडच्या खोलीतच आहे. खरं तर तिच्याच हातात द्यायला हवं. देणार नाही. ती तसं म्हणाली की मला अजूनही बरं वाटतं, बाई.