दरेकशाच्या उतारावरचे युवराज

१२ जून, दरेकसा
घरटं क्र. १. खडकाखालची खोबण, जमिनीपासून वीतभर. गवताची वाटी, आत बारीक मुळं. अंडी तीन. नर वरच्या दगडावर गात होता : काळा, पंख विटकरी, तुरा उभा. युवराज पक्षीच.
उतार दगडखाणीच्या प्रस्तावात आहे. वीण सिद्ध झाली तर वगळावा लागेल. आमच्या पक्षी-सर्वेक्षणाचे प्रमुख, सर, फोनवर : "अंडी पुरत नाहीत. पिल्लं उडालेली दाखव." रिपोर्ट १५ जुलैला.

१५ जून
आणखी दोन घरटी. जीपीएस दहा-बारा मीटर चुकतो. म्हणून प्रत्येक घरट्याच्या वर खडकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका.
वाट दाखवायला येणाऱ्या फुलवंताबाई : "काऊन दगड रंगवून राहिली वं पोरी? पाखरू का घर भुलते?"
म्हटलं, मी भुलते.

२१ जून
क्र. १ मध्ये पिल्लं, तिन्ही. मोठे पक्षी गवताचं बी खातात. पिल्लांना नाकतोडे, अळ्या. तासात अकरा फेऱ्या, नराच्या दोनच. फुलवंताबाईंना दुर्बीण दिली. त्यांनी डोळ्याला लावली. मग, "नुसते तोंडच तोंड दिसून राहिले."

२६ जून
सकाळी जिल्ह्यातल्याच गोरेगावला, कॅमेऱ्याच्या बॅटरीसाठी. दुपारी परत. उतारावर ड्रिल मशीन. खाणवाले दगडाचे नमुने काढत होते. तिन्ही भोकं माझ्या ठिपक्यांवर.
मुकादम भला माणूस. "मॅडम, हमको सफेद निशान पे मारने बोला था. आपका था क्या?"
हो. माझं.
खोबणी चुऱ्याने बुजल्या. हाताने उकरलं. क्र. १ मध्ये तिन्ही मेलेली. बाकी दोन्हीकडे अंडी फुटलेली.
फुलवंताबाई : "त्याची बी चूक नाही, तुही बी नाही. मंग कोनाची?"

२८ जून
सर : "वीण असिद्ध लिही."
फोटो आहेत, म्हटलं.
"घरटी कोणी मोडली विचारतील. सांगशील?"
मी फोन ठेवला.

३ जुलै
जोडी पुन्हा बांधू लागली तरी पिल्लं उडायला महिना. १५ जुलैला पुरत नाही.
रिपोर्टमध्ये लिहिलं : घरटी नष्ट होण्याचं कारण, सर्वेक्षकाच्या खुणा. सरांनी ओळ काढून फाइल परत पाठवली. मी पुन्हा घातली. फाइल पाठवून दिली.
संध्याकाळी मादी चोचीत काडी घेऊन वरच्या कड्याकडे गेली. तीनदा. कुठे, ते बघायला गेले नाही.