सुहासचा आवाज

रवि., १२ जाने.
कल्याणला उपासना. संपल्यावर चहाच्या वेळी पोरं मागे लागली म्हणून पास्टरांचा आवाज काढला. प्रार्थनेच्या शेवटी ते 'आमेन' एवढं ओढतात की चहा गार होतो. तेच ओढलं. ते मागेच उभे. हसले पण. मग बाजूला घेऊन म्हणाले, "फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी साक्ष दे. प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग. पण बाळा, तुझ्या आवाजात."
माझा आवाज. जालन्याकडे गावाला आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून गुरुजी, कंडक्टर, सुपरवायझर, सगळ्यांचे काढतोय. दुसरा नाद नाही. माझा कसा आहे तेच आठवेना.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. शेजारच्या काकूंकडे तिळगूळ नाही. त्यांचा सुहास दिवाळीनंतर शीळ रोडला बाईकच्या अपघातात गेला. मानपाड्याच्या कंपनीत माझ्याच मशीनवर होता. त्याचा आवाज काढला की सगळ्यात जास्त तोच हसायचा. नाकातला, शेवटी लांबवलेला.
संध्याकाळी रूमवर एकटाच. रूममेट अशोक पतंग उडवायला गेलेला. सहज काढून बघितला. "हां आये, येतो." जसाच्या तसा. बरं वाटलं.
दोन खोल्यांच्या मधे नुसता पत्रा आहे, हे डोक्यातच नाही. पलीकडून काकू, एकदम साध्या आवाजात, "जेवलास काय रे?"
गप्प बसायला पाहिजे होतं. तोंडातून गेलं, "हां आये."

शुक्र., १७ जाने.
रोज दिवे लागले की पत्र्यावर बोटं वाजतात. जेवलास काय, थंडी वाजते काय. मी हां, नाय, एवढंच. सकाळी नळावर भेटल्या तर त्यातलं काहीच नाही. "तुमच्यात उपास करतात काय रे?" एवढं विचारलं आणि हंडा भरून गेल्या.
मेलेल्याला हाक मारायची नाही, लहानपणापासून शिकवलेलं. पण हाक मी कुठे मारतोय. त्या मारतात. मी फक्त ओ देतो.
(लिहिलं खरं. वाचून बरं नाही वाटत.)

रवि., १९ जाने.
अशोकला सांगितलं. म्हणे, "तुझं तर कामच झालं. मेलेल्या पोराने सांगितलं येशूकडे ये, तर म्हातारी उद्या कल्याणला हजर. पास्टर हार घालतील तुला."
शिवी दिली. पण डोक्यात राहिलं.
संध्याकाळी काकू, "तिथं कोण असतं रे तुझ्यासोबत?"
प्रभूचं नाव तोंडात तयार. सुहासच्या आवाजात. एवढं एक बोललो असतो तर... जीभ दाताखाली धरली. रक्त आलं.
तिकडून, "असू दे. नको सांगूस."
उद्यापासून सेकंड शिफ्ट. संध्याकाळी मी नसणारच. सुटलो.

रवि., २६ जाने.
आठवडाभर सुहास काढला नाही. उपासनेहून थेट काकूंकडे. दारातच उभा राहिलो. "काकू, तो मी होतो. सुहास नव्हता. माफ करा."
तांदूळ निवडत होत्या. "कधी रे?"
"संध्याकाळी. पत्र्यामागून."
"संक्रांतीला तू होतास, ते कळलं मला. सुहास एवढ्या लगेच ओ द्यायचा नाय कधी. ह्या आठवड्यातलं विचारतेय."
ह्या आठवड्यात खोलीला कुलूप होतं. अशोक पण माझ्याच शिफ्टला. तसं सांगितलं.
"मग झालं तर."
मग मीच सुरू झालो. येशूचं. की मेलेले त्याच्यापाशी सुखरूप असतात, असे भिंतीतून बोलत नाहीत. पहिल्यांदा कोणाला तरी माझ्या आवाजात सांगितलं. बारीक निघाला, थरथरत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.
"तुझा देव मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला म्हणतोस. माझा पोरगा नुसता बोलला तर मी येडी?"
तांदळातला खडा माझ्या हातावर ठेवला, बाहेर टाक म्हणाल्या.

शनि., १ फेब्रु.
उद्या साक्ष. दुपारी कंपनीतूनच पास्टरांना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाले, "हेच सांग. तो आवाज तू सोडलास, हीच साक्ष."
विचारलं, मी सोडला, पण त्याने मला सोडलं नसेल तर?
त्यांनी फोनवरच प्रार्थना केली. आमेन आज छोटंच होतं.
दिवे लागलेत. अशोक खाली दाढी करायला गेलाय. पलीकडे काकू बोलतायत. पाणी कमी येतं, सिलिंडर संपत आला. मधे मधे थांबतात, समोरचा बोलताना माणूस थांबतो तेवढं. मला इकडे त्यांच्याशिवाय काही ऐकू येत नाही. तोंडात रुमाल कोंबून लिहितोय. म्हणजे ओ देणारा मी नाही, एवढं तरी नक्की.
आत्ता हसल्या. म्हणाल्या, "त्याला आज नको त्रास देऊस. उद्या चर्चमध्ये उभं राहून बोलायचंय त्याला."
साक्षीचं मी काकूंना सांगितलेलं नाही. अशोकलाही नाही.